उपाशीपोटी, अर्धा तास आधी

माझ्या ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये एक चार्जर, दोन जुनी आयडी कार्डं आणि गोळ्यांची एक स्ट्रिप असते. आमच्या टीममध्ये अशी स्ट्रिप न बाळगणारा माणूस शोधावा लागेल. रिलीजच्या आठवड्यात तर ती बडीशेपेसारखी या हातातून त्या हातात फिरते. ‘पित्त झालंय गं’ असं कुणी म्हटलं की दुसरं कुणीतरी स्ट्रिप पुढे करतं आणि पहिली व्यक्ती चहाच्या घोटाबरोबर गोळी गिळून टाकते.

यात शब्दही चुकतो आणि वेळही. शरीरशास्त्रातलं पित्त यकृतात तयार होतं आणि ते किंचित अल्कधर्मी असतं. जळजळ होते ती जठरातल्या आम्लाने. आणि गोळी घ्यायची ती चहाबरोबर नाही, सकाळी उपाशीपोटी, नाश्त्याच्या अर्धा तास आधी. गेल्या वर्षी मला डॉक्टरांनी ती रीतसर लिहून दिली तेव्हा ‘अर्धा तास आधी’ या शब्दांखाली त्यांनी दोनदा रेघ मारली होती. सूचनेमागचं कारण कळल्याशिवाय मला चैन पडत नाही, कोड लिहून लिहून लागलेली खोड आहे ही. अर्धाच तास का, आणि आधीच का, हे शोधायला बसले आणि दोनशे वर्षं मागे गेले. वाटेत आप्पा भेटले.

आप्पा म्हणजे माझ्या आईचे वडील. एस.टी.त कंडक्टर होते. १९७९ साली त्यांचा अल्सर इतका बळावला की मिरजेला नेऊन ऑपरेशन करावं लागलं आणि जठराचा बराचसा भाग काढून टाकावा लागला. बेंबीच्या वरून उभी गेलेली ती खूण मी लहानपणी वितीने मोजायचे, वीत पुरायची नाही. त्यानंतर आयुष्यभर ते एका वेळी अर्धीच भाकरी खात. सणाला पुरणपोळी खाल्ली की थोड्या वेळाने त्यांना दरदरून घाम सुटे, छाती धडधडे, मग ते सोप्यात जाऊन आडवे होत. आजी त्यांची आमटी वेगळ्या पातेल्यात करायची, कांदा-लसूण चटणी न घालता. घरात या आजाराची दोन कारणं ठरून गेलेली होती. एक आप्पांचा राग आणि दुसरं आजीचं तिखट. पहिलं सगळे बोलून दाखवत. दुसरं आजी स्वतःच बोलायची.

तर, आम्लाची गोष्ट.

६ जून १८२२. अमेरिका आणि कॅनडाच्या सीमेजवळ, मोठ्या सरोवरांमध्ये मॅकिनॅक नावाचं बेट आहे. तिथे फरचा व्यापार करणाऱ्या कंपनीचं दुकान होतं. अलेक्सी सेंट मार्टिन हा कॅनडातला फ्रेंच बोलणारा तरुण होड्यांतून फर वाहून न्यायचं काम करायचा. दुकानात कुणाची तरी बंदूक चुकून उडाली आणि अगदी जवळून छर्रे त्याच्या डाव्या कुशीत घुसले. लष्करी सर्जन विल्यम बोमाँट धावत आला. हा काही जगत नाही असं त्याला वाटलं. पण सेंट मार्टिन जगला, पुढे तब्बल अठ्ठावन्न वर्षं. फक्त जखम भरून येताना जठराची कड बाहेरच्या कातडीला चिकटली आणि कुशीत एक भोक कायमचं राहिलं. त्यातून थेट जठराच्या आत बघता यायचं.

बोमाँटने बघितलं. १ ऑगस्ट १८२५ रोजी दुपारी बारा वाजता त्याने रेशमी दोऱ्याला अंतराअंतरावर खाण्याचे तुकडे बांधले. त्यात मसालेदार शिजवलेलं मांस, कच्चं मांस, डुकराची चरबी, शिळा पाव, कोबी असं बरंच काही होतं. तो दोरा त्याने भोकातून आत सोडला. एक वाजता ओढून पाहिलं तर कोबी आणि पाव निम्मे विरघळलेले, मांस तसंच. दोन वाजता आणखी बरंच नाहीसं झालेलं. मग त्याने नळीने रस बाहेर काढला, बाटलीत मांस घालून ती ऊबदार ठेवली. बाटलीतही तेच झालं, जरा सावकाश. पचन म्हणजे जठर चक्कीसारखं अन्न दळतं, की ते आतल्या आत कुजतं, असले वाद तेव्हा चालू होते. बोमाँटच्या बाटलीने ते बरेचसे मिटवले. आणखी एक गोष्ट त्याने टिपून ठेवली : सेंट मार्टिन चिडला की जठराच्या आतला रंग आणि रस बदलतो. ते वाचताना मला आप्पांच्या रागाची गोष्ट आठवली. तिला आधार म्हणायचा तर तो इतका जुना आहे.

बोमाँटचं पुस्तक १८३३ साली निघालं, त्यात दोनशेहून अधिक प्रयोग आहेत. वाचताना मी मात्र सारखी दुसऱ्या माणसाकडे बघत राहिले. सेंट मार्टिन या सगळ्याला कंटाळून मध्येच न सांगता कॅनडाला निघून गेला होता, तिथे लग्न केलं, मुलं झाली, आणि काही वर्षांनी बायकामुलांसह परत आला. १८३२ साली त्याच्याशी लेखी करार झाला. वर्षाला दीडशे डॉलर, जेवण-राहणं वेगळं, आणि त्या बदल्यात पोट प्रयोगांसाठी उपलब्ध. त्याला लिहिता येत नव्हतं, त्याने सहीच्या जागी फुली मारली. तो बोमाँटच्या घरी लाकडंही फोडायचा. १८८० साली तो वारला तेव्हा त्याचं जठर मिळावं म्हणून डॉक्टर मंडळी टपून बसली होती. घरच्यांनी मृतदेह मुद्दाम काही दिवस उन्हात राहू दिला, इतका की कुणाला चिरफाड करायची इच्छा होऊ नये, आणि मग खोल खड्ड्यात पुरला.

रसात काय आहे याचं उत्तर खरं तर आधीच मिळालं होतं. डिसेंबर १८२३ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीत विल्यम प्राउटने दाखवून दिलं होतं की जनावरांच्या जठरातलं आम्ल म्हणजे साधं हायड्रोक्लोरिक आम्ल. संडास धुवायला आपण वापरतो त्याच जातीचं. यावर बऱ्याच जणांचा विश्वास बसेना. बोमाँटने पाठवलेल्या बाटल्यांची तपासणी झाली आणि अमेरिकेतही तेच निघालं. एक बाटली स्वीडनला, त्या काळातला सर्वांत मोठा रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियस याच्याकडेही गेली, पण तिथून फारसं काही हाती लागलं नाही. स्वीडनची पाळी दीडशे वर्षांनी येणार होती.

आता खरा प्रश्न. हे आम्ल तयार कोण करतं आणि कसं?

रक्त किंचित अल्कधर्मी असतं, म्हणजे त्यात हायड्रोजनचे आयन नगण्य असतात. जठराच्या अस्तरातल्या ज्या पेशी आम्ल सोडतात त्यांचा आतला भागही साधारण उदासीनच असतो. आणि पेशीच्या बाहेर, काही नॅनोमीटर जाडीच्या पटलापलीकडे, त्याच आयनांचं प्रमाण दहा लाख पटींनी जास्त. सगळ्या शरीरात एवढा तीव्र उतार दुसरीकडे कुठे नाही. पाणी उताराकडे धावतं तसे हे आयन मागे धावून आले पाहिजेत. ते येत नाहीत कारण पेशीपटल तेलाच्या थरासारखं असतं, विद्युतभार असलेला कण त्यातून आपणहून जाऊ शकत नाही. पण मग बाहेर तरी तो गेला कसा? कुणीतरी रात्रंदिवस त्याला चढावर ढकलत असणार. १९३९ साली होरेस डेव्हनपोर्टने दाखवलं की या पेशींत पाणी आणि कार्बन डायऑक्साइड यांच्यापासून झटपट हायड्रोजनचे आयन मिळवून देणारं विकर, म्हणजे एन्झाइम, भरपूर आहे. कच्चा माल कुठून येतो ते कळलं. ढकलणारा सापडला नव्हता.

तो सापडला, निदान त्याचा थोरला भाऊ सापडला, तो खेकड्याच्या पायात. हा या इतिहासातला माझा सगळ्यात आवडता तुकडा आहे.

डेन्मार्कमधल्या ऑर्हुस गावी येन्स क्रिस्टियन स्कोऊ नावाचा डॉक्टर होता. सर्जरीचं शिक्षण घेताना त्याला प्रश्न पडला की भूल देणारी औषधं नस बधिर करतात म्हणजे नेमकं काय करतात. त्याला नसेच्या पटलातलं एखादं विकर हवं होतं, ज्यावर भुलेच्या औषधांचा परिणाम तपासता येईल. १९५३ साली तो अमेरिकेत वुड्स होलला गेला. तिथे त्याला कळलं की माकुळाच्या जाड नसेत एटीपी फोडणारं एक विकर असतं. एटीपी म्हणजे पेशीचं रोख चलन, ते फोडून सुटणाऱ्या ऊर्जेवर पेशीची बहुतेक कामं चालतात. ऑर्हुसला तसले माकुळ कुठून आणायचे? किनाऱ्यावर खेकडे मात्र होते. स्कोऊने खेकड्यांच्या पायांतल्या नसा वाटल्या, पटलाचे तुकडे वेगळे केले आणि त्यात वेगवेगळे क्षार घालून पाहिले. मॅग्नेशियम असताना नुसता सोडियम किंवा नुसता पोटॅशियम घातला तर फारसं काही नाही, दोन्ही मिळून घातले की विकर एकदम जोरात चालू लागे. सोडियम पेशीबाहेर आणि पोटॅशियम आत ठेवणारा एखादा ‘पंप’ असणार असं १९४१पासून बोललं जात होतं. स्कोऊच्या परीक्षानळीत तोच होता. त्याचा पेपर १९५७ साली आला. शीर्षकात पंप हा शब्दच नाही, एवढा तो सावध होता.

पुढच्या वर्षी व्हिएन्नाच्या परिषदेत त्याला रॉबर्ट पोस्ट भेटला. पोस्ट तांबड्या रक्तपेशींमधल्या पंपावर काम करायचा. त्याने विचारलं, तुझं विकर वाबेनने बंद पडतं का? वाबेन म्हणजे आफ्रिकेतलं बाणाला लावायचं एक विष, जिवंत पेशीतला पंप थांबवणारं. स्कोऊने ते नावही ऐकलं नव्हतं. त्याने तिथूनच ऑर्हुसला फोन लावला, वाबेन घालून बघा. विकर बंद पडलं. म्हणजे पंप आणि विकर एकच. याचं नोबेल त्याला १९९७ साली मिळालं, पेपरनंतर चाळीस वर्षांनी. (भुलेच्या औषधांचं काय झालं, असं कुणी विचारू नये.)

हा पंप चालतो कसा? मोठ्या सराफांकडे कधी कधी दोन दारं असतात, पहिलं बंद झाल्याशिवाय दुसरं उघडत नाही. आम्ही कोडमध्ये म्युटेक्स लावतो ते याच्यासाठीच. पंपाचं प्रथिन पटलाच्या आरपार बसलेलं असतं. आतलं दार उघडं असताना आयन आत येऊन बसतो. एटीपीचा एक फॉस्फेट प्रथिनाला चिकटतो, त्याने प्रथिनाचा आकार बदलतो, आतलं दार मिटतं, बाहेरचं उघडतं, आयन बाहेर पडतो. परतीच्या फेरीला दुसरा आयन बाहेरून आत येतो, फॉस्फेट सुटतो, चक्र पुन्हा सुरू. दोन्ही दारं एकाच वेळी उघडली तर तो पंप राहत नाही, ते नुसतं भोक होतं. आणि पलीकडचे दहा लाख पट आयन त्यातून मागे घुसतील.

जठरातला धाकटा भाऊ सापडला तो या नकाशावरून. कॅलिफोर्नियात बर्कलीला जॉन फोर्टे बेडकांच्या जठरावर काम करत होता. १९७३ साली त्याने आणि गॅन्सरने मोठ्या बेडकाच्या आम्ल सोडणाऱ्या पेशींच्या पटलांत असं एक विकर दाखवलं जे पोटॅशियमने चालतं. सोडियमची त्याला गरज नाही, आणि वाबेनला ते दाद देत नाही. म्हणजे घराणं तेच, माणूस वेगळा. अलाबामातल्या बर्मिंगहॅममध्ये जॉर्ज सॅक्स आणि त्याच्या सहकाऱ्यांनी डुकराच्या जठराचं अस्तर घेऊन त्याच्या पटलांचे सूक्ष्म बंद फुगे वेगळे केले. या फुग्यांत पंप उलटा बसलेला असतो, त्याची एटीपी घेणारी बाजू बाहेर. बाहेरून एटीपी दिलं की फुग्याच्या आत हायड्रोजनचे आयन साठत आणि तेवढेच पोटॅशियमचे बाहेर येत. १९७६ साली हे छापून आलं. एक भारित कण आत, तेवढाच भारित कण बाहेर, त्यामुळे विजेचा हिशोब शून्य. खऱ्या पेशीत पोटॅशियम वेगळ्या वाटेने परत बाहेर येतो आणि पुन्हा वापरला जातो, क्लोराइड आपल्या वाटेने येतो, आणि बाहेर दोघांची गाठ पडून प्राउटचं ते हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होतं.

एक हिशोब मी स्वतः करून पाहिला, कारण कागदावर उतरल्याशिवाय मला पटत नाही. दहा लाख पट चढावर आयन ढकलायला शरीराच्या तापमानाला प्रति मोल साधारण ३६ किलोज्यूल लागतात. पेशीतलं एटीपी फुटल्यावर सुमारे ५५ मिळतात. म्हणजे एका एटीपीत एक आयन जातो, दोन जायला ७२ लागले असते. पोट पूर्ण आंबट झाल्यावर पंपाला एका फेरीत एकाहून जास्त आयन नेणं परवडतच नाही. एवढ्या काटकसरीत तो दिवसाला लिटर-दीड लिटर रस आंबट करतो.

आता स्वीडन. गोथेनबर्गजवळ हेस्ले ही कंपनी होती, भुलेचं झायलोकेन विकणाऱ्या अ‍ॅस्ट्राच्या घरातली. जठरातलं आम्ल कमी करणारं औषध शोधायला त्यांनी १९६०च्या दशकात सुरुवात केली तीही भुलेच्याच औषधांपासून. इथेही भूलच. उंदरांमध्ये जमलं, माणसांमध्ये जमलं नाही. मग दुसरंच एक संयुग हाती लागलं, आम्ल थांबवणारं पण विषारी. त्याला कापत-जोडत ते बेंझिमिडाझोल नावाच्या कुळात पोचले. एकाने थायरॉइड सुजायची, म्हणून ते बाद. गंमत म्हणजे आपलं औषध नेमकं कुठे लागतं हे त्यांना माहीत नव्हतं. सॅक्सच्या पंपाशी गाठ पडल्यावर ते कळलं, आणि १९८१ साली दोघांनी मिळून ‘नेचर’मध्ये लिहिलं की ही संयुगं पंपच बंद पाडतात. त्यातल्या सगळ्यात चांगल्या संयुगाचं नाव ओमेप्राझोल.

ते पहिल्यांदा तयार झालं १९७९ साली. आप्पा मिरजेला टेबलावर होते त्याच वर्षी.

ते लगेच बाजारात आलं नाही. १९८४ साली उंदरांना वर्षानुवर्षं जास्त मात्रा दिल्यावर त्यांच्या जठरात गाठी दिसल्या आणि माणसांवरच्या चाचण्या थांबवाव्या लागल्या. आम्ल अजिबात नसलं की शरीर आम्लाची मागणी करणारं संप्रेरक सतत वाढवत राहतं, त्याचा तो परिणाम होता, हे दाखवल्यावर गाडी पुन्हा सुरू झाली. १९८८ साली औषध युरोपात आलं. आपल्याकडे १९७०च्या कायद्यानुसार औषधाच्या पदार्थाला पेटंट नव्हतं, फक्त ते बनवायच्या रीतीला होतं. २००५पर्यंत ही स्थिती होती. त्यामुळे वेगळ्या रीतीने बनवलेलं ओमेप्राझोल भारतीय कंपन्यांना विकता आलं, आणि ही गोळी स्वस्त झाली. माझ्या ड्रॉवरपर्यंत ती आली ती या वाटेने.

आणि अर्धा तास?

गिळलेली गोळी पंपाला बंद करत नाही. गोळीतले दाणे आम्लात टिकत नाहीत म्हणून त्यांच्यावर आवरण असतं, ते जठर पार करून आतड्यात विरघळतात. तिथून औषध रक्तात, आणि रक्तातून फिरून पुन्हा जठराच्या पेशीपाशी, पण या वेळी मागच्या दाराने. ते सौम्य अल्क आहे. विद्युतभार नसताना पटलातून सहज जातं, पण पंपापलीकडच्या आंबट खोबणीत पोचलं की हायड्रोजनचा आयन पकडतं, भारित होतं आणि तिथेच अडकतं. तेलाच्या थराचा तोच नियम, या वेळी आपल्या बाजूने. मग आम्लामुळेच त्याचं रूप बदलतं आणि ते पंपाच्या बाहेरच्या अंगाला कायमचं चिकटतं. पंपाने केलेल्या आम्लानेच पंपाचा घात. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी रात्री एक वाजता एकटीच ‘वा!’ म्हणाले होते.

पण यासाठी पंप चालू हवा. उपाशी असताना बहुतेक पंप पेशीच्या आत पिशव्यांमध्ये गुंडाळून ठेवलेले असतात. खायला लागलं की ते बाहेरच्या पटलावर येऊन कामाला लागतात. ओमेप्राझोल रक्तात तासाभरात निम्मं होतं. म्हणजे पंप जागे व्हायच्या वेळी औषध रक्तात तयार हवं. नाश्त्याच्या अर्धा तास आधी घेतलं तर भेट होते. चहा-बिस्किटांनंतर, जळजळ सुरू झाल्यावर घेतलं तर आवरण विरघळून औषध पोचेपर्यंत गर्दी ओसरलेली असते. एकदा चिकटलं की मात्र औषध रक्तातून गेलं तरी तो पंप मेलेला राहतो, पेशीला नवा बनवावा लागतो. सगळे पंप एका दिवशी सापडत नाहीत म्हणून पूर्ण गुण यायला तीन-चार दिवस लागतात. आम्ही ऑफिसमध्ये एकच गोळी, तीही जळजळ झाल्यावर, तीही चहाबरोबर घेतो. (आणि काही जण कारण नसताना वर्षानुवर्षं घेत राहतात. तेही डॉक्टरांना विचारून घ्यावं.)

जपानमध्ये नागोयाच्या काझुहिरो आबे यांच्या गटाने २०१८ साली या पंपाची जवळजवळ अणूअणूची रचना प्रसिद्ध केली. मी ती चित्रं फोनवर फिरवून फिरवून पाहिली. पोटॅशियमसाठी मधोमध एकच जागा आहे. २०१४ साली जपानमध्ये आलेलं नवं औषध त्या जागेच्या वाटेत जाऊन बसतं, पंप जागा असण्याची वाट बघत नाही. त्याला अर्ध्या तासाची अट नाही.

राहता राहिला आप्पांचा राग. ऑस्ट्रेलियात पर्थला रॉबिन वॉरेन आणि बॅरी मार्शल यांनी १९८२ साली जठरातला एक पिळदार जिवाणू वाढवून दाखवला. कुणी ऐकेना म्हणून मार्शलने १९८४ साली त्याचा पेला स्वतःच पिऊन जठराला सूज आणून घेतली. २००५ साली दोघांना नोबेल मिळालं. बहुतेक अल्सरांमागे हा जिवाणू असतो, नाहीतर दुखण्यावरच्या गोळ्या. आम्ल जखमेवर मीठ चोळतं खरं, पण जखम करायला आधी दुसरं कुणीतरी येऊन गेलेलं असतं. आज आप्पांना कदाचित दोन आठवडे प्रतिजैविकं आणि सोबत माझ्या ड्रॉवरमधली गोळी मिळाली असती.

आप्पा जाऊन सहा वर्षं झाली. दिवाळीत गावी गेले तेव्हा आजी स्वयंपाकघरात खाली बसून लसूण सोलत होती. मी तिच्याजवळ बसून तिला जिवाणूचं सांगितलं. पंपाचं सांगायचा प्रयत्न केला, पण तो जमला नाही. तिने सगळं ऐकून घेतलं.

“मग तवाच कुणी का नाही सांगितलं?”

“आजी, तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं.”

बराच वेळ ती काही बोलली नाही. हातातली पाकळी सोलून झाली, दुसरी घेतली.

“म्हणजे माझ्या तिखटाचं न्हवतं ते?”

“नव्हतं.”

“चांगलं पुस्तकात वाचलंस न्हवं?”

“वाचलं.”

तिने सालं सुपात गोळा केली, मला म्हणाली, जरा डबा काढ वरचा. चटणीचा.